घुम्याचं बी

डबा उघडला तर आत वाळू. ओली, काळसर, चमच्याने थापून सपाट केलेली. त्याने आधी झाकण उलटून बघितलं, मग डबा बाहेरून बघितला, मग पुन्हा आत डोकावला. भुकेल्या माणसाला वाटतं, दुसऱ्यांदा बघितलं की वाळूचे बटाटे होतील. तसं काही झालं नाही. सकाळपासून तो एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खालच्या कवळीशी झटत होता. ती परत आली होती, आणि सोबत डॉक्टरांचा निरोप होता की ही घालून बोललं की शिट्टी वाजते. आता शिट्टी कुठून वाजते हे शोधायचं तर कवळी घालून कुणीतरी बोलायला हवं, आणि कवळ्या करणाऱ्याच्या वाट्याला तोंडं कधी येत नाहीत, फक्त तोंडांचे प्लॅस्टरचे साचे येतात. दवाखान्याच्या मागच्या त्याच्या खोलीत ते फळीवर ओळीने मांडलेले असत, सगळे थोडे उघडे, सगळे काहीतरी बोलायच्या बेतात, आणि बोलत मात्र कुणीच नाही. ही शांतता त्याला आवडायची. घरी बायको होती, जगात ताई होती. बोलणाऱ्या जबड्यांची त्याला ददात नव्हती.

डबा ताईचा होता हे त्याला आता उमगलं. आईच्या भांड्यांत एकसारखे दोन स्टीलचे डबे होते, वाटणीत एक त्याला आला, एक ताईला, आणि ताई पडल्यापासून दोन्ही त्याच्या फ्रिजमध्ये एकावर एक बसलेले होते. ताई पडली ती झाडाखाली. खरं म्हणजे झाडावरून, पण निवृत्त मुख्याध्यापिका या वयात झाडावर चढल्या होत्या असं हॉस्पिटलच्या कागदावर लिहू द्यायला ती तयार नव्हती. खुब्याचं हाड मोडलेलं, चेहरा पांढराफटक, आणि तो धापा टाकत वॉर्डात शिरला तर ही म्हणते, "छोट्या, आधी माझी पिशवी दे." पिशवीत डबा. "हा फ्रिजमध्ये ठेव. भाजीच्या कप्प्यात. हात लावू नकोस. फक्त ओल राहील एवढं बघ." त्याने विचारलं, "हात न लावता ओल कशी बघू?" "डोळ्यांनी बघ. त्यासाठीच असतात ते." तिला ऑपरेशनला नेताना ढकलगाडीची चाकं वाजत होती आणि त्या आवाजावर आवाज चढवून ती सांगतच होती, भाजीचाच कप्पा, बर्फाचा नाही, बर्फाचा नाही. दार मिटलं. बाहेरच्या बाकावर तो डबा मांडीवर घेऊन बसला, आणि शेजारच्या बाईंनी सहानुभूतीने विचारलं, "पेशंटचं जेवण का?" त्याने हो म्हटलं. खरं सांगायला घेतलं असतं तर त्यालाच कुणीतरी आत नेलं असतं.

डब्यात घुम्याचं बी होतं. झाडाचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते न अडखळता फक्त ताईलाच म्हणता यायचं. घुम्या हे नाव तिच्या मंडळींनी पाडलेलं. ही मंडळी म्हणजे सगळे निवृत्त लोक. शहराच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागे जंगलाचा एक तुकडा उरला होता. वनखात्याची माणसं तिथली जुनी झाडं पडली की त्या जागी परमुलखातली झटपट वाढणारी रोपं लावून टाकत. "वर्षात डोक्यावर जातात," ताई म्हणायची, "आणि पाखरं सोडा, त्यांच्यावर कावळासुद्धा बसत नाही." म्हणून ही मंडळी इथल्याच झाडांखाली पडलेलं बी वेचत, गच्च्यांत, बाल्कन्यांत, जुन्या बादल्यांत रोपं वाढवत आणि पुन्हा त्याच जंगलात नेऊन लावत. बाकी झाडं समजूतदार होती. घुम्या तेवढा घुम्या. सगळ्या जंगलात त्याचं एकच झाड राहिलं होतं, आतून पोकळ झालेलं, आणि त्याच्या बिया दगडासारख्या. ताईने त्या उकळत्या पाण्यात टाकल्या, शेणात पुरल्या, ओळखीच्या बकरीला चारल्या. मग जज्जसाहेबांनी पुस्तकातून शोधून काढलं की हे फळ खाणारा कुठलातरी प्राणी पूर्वी या जंगलात असणार आणि त्याच्या पोटातून गेल्याशिवाय हे बी रुजायचं नाही. जज्जसाहेब खरोखरचे निवृत्त न्यायाधीश. तो प्राणी आता मिळणार नाही म्हणून त्यांनी स्वतः एक बी पाण्याबरोबर गिळलं. पुढे काय झालं यावर मंडळींत दोन तट होते. ते बाहेर आलंच नाही असं काही जण म्हणत. आलं, पण शोधायला कुणी धजावलं नाही, असं ताई म्हणायची.

त्याने वाळूत बोट घातलं. हात लावायचा नाही हे लक्षात यायच्या आत घातलं. एक बी निसटून फरशीवर टणटणत बाकाखाली गेलं, ते काढायला तो गुडघ्यांवर बसला, आणि अंधारात चाचपताना अंगठ्याला ते लागलं तेव्हा अंगठ्याने त्याला दाढच म्हणून ओळखलं. वरची, मागची, जरा झिजलेली. इतकी वर्षं दाढा घडवलेला अंगठा; त्याला दुसरं काय सुचणार? बी उजेडात धरून तो बघत राहिला. पोटात कावळे ओरडत होते, शिट्टीची कवळी समोर पडली होती, आणि आपण हे चिमट्यात का बसवतोय हे त्याने स्वतःला विचारलं नाही. यंत्र सुरू केलं. हिऱ्याची पूड लावलेलं बारीक टोक बियाच्या पाठीवर टेकवलं. आधी नुसता चरचराट, मग तपकिरी भुकटी, मग एकदम रंग पालटला, आत फिकट, दुधाळ काहीतरी दिसलं आणि वास आला. या खोलीत प्लॅस्टरचा वास होता, गुलाबी मेणाचा होता, तापलेल्या प्लॅस्टिकचा होता. हा वास नव्हता. ओल्या सालीचा, कच्च्या बदामाचा, आणि त्याच्या पाठोपाठ ताईच्या हाताचा. लहानपणी आई त्याला ताईच्या हवाली करायची, हिचा हात सोडू नकोस म्हणायची, आणि ताई त्याला ओढत त्याच जंगलातून शाळेत न्यायची, कारण रस्त्याने जायला वेळ लागतो. तिचा हात कायम चिकट असायचा, कायम काहीतरी सोललेलं, चुरगळलेलं त्यात असायचं. आई गेली, ताई निवृत्त झाली, त्याचे केस गेले. हात सोडला असं म्हणायची वेळ काही आली नव्हती. तिने सांगितलेल्या शाळेत तो गेला, तिने सांगितलेलं काम शिकला, बायको तेवढी त्याने स्वतः शोधली, आणि नंतर कळलं की तीही ताईने आधी बघून ठेवली होती.

शेंगदाण्यांचं होतं तसं झालं. एक झालं म्हणून दुसरं, दुसरं झालं म्हणून तिसरं. डॉक्टर आत आले तेव्हा बाकावर घासलेल्या बियांची ओळ लागली होती.

"काय चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाढा," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

"ताईच्या."

डॉक्टरांनी ओळ न्याहाळली. "बऱ्याच आहेत," ते म्हणाले. "घाई नसेल तर आधी शिट्टीचं बघा. गृहस्थ नातवाच्या लग्नात भाषण करणार आहेत."

घरी जाताना बसमध्ये त्याला घाम फुटला. मांडीवर डबा, डब्यात वाळू, वाळूत जखमी बिया. पोटात भुकेने खड्डा पडला होता आणि भीती त्याच खड्ड्यात बसायला आली होती. कंडक्टर जवळ आला तेव्हा त्याने डबा उगाच पिशवीत ढकलला. हात लावू नकोस, हे तर तिने सांगितलंच होतं. घासू नकोस असं मात्र कुठे सांगितलं होतं? हा मुद्दा त्याने मनात दोन थांब्यांपर्यंत लढवला आणि ताईच्या डोळ्यांसमोर तो टिकेना. बायकोने दार उघडलं, हातातला डबा बघितला आणि ती हसायला लागली.

"माझं जेवण कुठे आहे?" त्याने विचारलं.

"माझ्या पोटात. दुपारी फ्रिज उघडला, म्हटलं, आज हे वाळू घेऊन गेले, तर हे बटाटे वाया का घालवायचे?"

"फोन करायचा ना!"

"केला असता तर तुम्ही परत मागितले असते."

मग त्याने यंत्राचं सांगितलं. ती हसायची थांबली. बिया तळहातावर घेऊन तिने एकेकीची पांढरी खिडकी बघितली, जशी मुलांची खरचटलेली ढोपरं बघतात, आणि म्हणाली, "आता पाण्यात भिजवून परत वाळूत पुरा. फ्रिजमध्ये नको, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवू, ऊब असते. आणि ताईंना यातलं अवाक्षर बोलू नका. उरलेला खुबा मोडतील, तुमचा."

पुढचे दिवस त्याने चोरासारखे काढले. ताई हॉस्पिटलमधून तिच्या घरी आली होती, खिडकीपाशी पलंगावर पडून होती, संध्याकाळी तो जायचा आणि ती विचारायची, "ओल आहे?" तो म्हणायचा, "आहे." "हात नाही ना लावलास?" या प्रश्नाला तो पाण्याचा ग्लास आणायला उठायचा. तिला इतकं पाणी त्याने उभ्या जन्मात पाजलं नव्हतं. आणि मग वारा आला. एक आख्खी दुपार नुसता वारा, दवाखान्याची पाटी उडाली, समोरच्या इमारतीवरचा पत्रा रस्त्यावर येऊन पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी जज्जसाहेबांचा फोन. ते हवापाण्याविषयी बोलले, त्याच्या प्रकृतीविषयी बोलले, मग घसा खाकरून म्हणाले, "घुम्या पडला." आणि थोड्या वेळाने, "मुळासकट. बाईंना सांगायला हवं. मला वाटतं, रक्ताच्या नात्याने सांगावं." त्याने विचारलं, "तुम्ही आयुष्यभर लोकांना निकाल ऐकवलेत, तुम्हाला हे नाही जमत?" "ते ऐकून घ्यायला बांधील होते," जज्जसाहेब म्हणाले. "बाई नाहीत."

फोन ठेवून तो ओट्यापाशी गेला. म्हणजे हेच आता उरलेलं. एवढं मोठं झाड, त्याच्या बापजाद्यांआधीपासून उभं, आणि त्याचं जे काही पुढे जायचं ते सगळं या डब्यात, आणि ते त्याने एका दुपारी भुकेच्या तंद्रीत घासून ठेवलेलं. आयुष्यात काही जिवंत त्याच्या हातात असं कधी पडलंच नव्हतं. मूल झालं नाही, कुत्रा ताईला चालत नव्हता, कुंड्या बायकोच्या. त्याने जे घडवलं ते लोकांच्या तोंडात बसलं आणि त्यांच्याबरोबर गेलं, आणि त्याबद्दल त्याला कधी वाईटही वाटलं नव्हतं. त्याने झाकण काढलं. वाळू बोटाने बाजूला केली. पहिलं बी कुजलेलं होतं, दाबलं तर पचपचीत. दुसरंही. तिसऱ्यावर बुरशी. तो एकेक काढून ओट्यावर ठेवत गेला, आणि त्याचं बोट मध्येच थांबलं. एका बियाची पांढरी खिडकी फुगून उकलली होती आणि तिच्यातून टोक बाहेर आलं होतं. पांढरं, चकचकीत, खालून किंचित रुंद. दुधाचा दात. तो इतका बावचळला की पहिली गोष्ट त्याने कुठली केली असेल, तर स्वतःच्या हिरडीवरून जीभ फिरवली.

"अगं!" तो ओरडला. "दात आला!"

बायको पाणी ठिबकत असलेल्या हातांनी धावत आली. दोघं डब्यावर वाकून उभे राहिले. मग तिने उरलेली वाळू चाळली आणि तशीच आणखी दोन निघाली, एकाचा दात तर वाकडा.

ताईकडे जाताना त्याच्याजवळ दोन बातम्या होत्या आणि कुठली आधी सांगायची हे जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ठरलं नाही. झाड आधी सांगावं तर ती कोसळेल. बी आधी सांगावं तर घासल्याचं सांगावं लागेल, मग तो कोसळेल. ताई पलंगावर ताठ बसली होती, चष्मा लावून, हातात काहीही नसताना. तो आत आल्यावर ती म्हणाली, "घुम्या पडला ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. जज्जसाहेबांनी सकाळपासून दोनदा फोन करून हवा कशी आहे विचारलं. हवा त्यांच्या खिडकीतूनही दिसते." तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पोकळ होता. मी चढले तेव्हाच पाय आत गेला माझा. त्याला म्हटलं, अरे, मी तुझं बी घ्यायला आलेय, मला कशाला आत घेतोस." ती हसली आणि हसताना तिचा ओठ थरथरला, आणि ते बघवेना म्हणून त्याने डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि झाकण काढलं.

ती बघत राहिली. एवढी शांत त्याने तिला कधी बघितली नव्हती, ऑपरेशनच्या वेळी गुंगीतही ती पुटपुटत होती.

"काय केलंस?"

"घासलं."

"कशाने?"

"कवळ्यांच्या यंत्राने."

"ते लोकांच्या तोंडात घालतात ना?"

"नाही गं. कवळ्या जातात तोंडात. यंत्र माझ्याकडेच असतं."

"कुठल्या बाजूने घासलंस?"

"जी बाजू वर आली ती."

"म्हणजे अंदाजाने."

"तेवढंही नाही. भूक लागली होती."

ताईने डोळे मिटले. आता काय येतंय म्हणून त्याने खांदे आवळून घेतले, पाणी आणायला उठावं की काय असं वाटलं. पण ती हसत होती, आधी बिनआवाजाचं, मग खुब्याला हात धरून, मग आई गं, आई गं करत, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बकरी," ती म्हणाली, "बकरीच्या मागे मी चार दिवस हिंडले, छोट्या. परातीत तिचं सगळं गोळा करून. आणि ते जज्जसाहेब." ती पुन्हा कळवळून हसली. मग नाक पुसलं, बोटाच्या टोकाने त्या वाकड्या दाताला लावलं न लावलं केलं, आणि फोन मागितला. जज्जसाहेबांना तिने सांगितलं, "आमचं बी रुजलं." दुसऱ्या मैत्रिणीला सांगताना ते "मी आणि छोट्याने" झालं. संध्याकाळपर्यंत तो तिथे बसून होता, आणि शेवटचा फोन चालला होता तेव्हा ताई म्हणत होती, "मीच म्हटलं त्याला, अरे, तुझ्याकडे यंत्र आहे, जरा घासून तर बघ." घरी आल्यावर हे ऐकून बायको भडकली. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत?" त्याने घेतलं होतं. त्याला राग यायला हवा होता, त्याने तो पोटात शोधलाही, पण तिथे भलतंच काहीतरी होतं, ऊन पडलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहिल्यासारखं. त्याने ते बायकोला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, पित्त असेल.

तीन रोपांतलं एक गोगलगायीने खाल्लं आणि त्या गोगलगायीविषयी ताई जे बोलली ते तिने शाळेत कुणालाही बोलू दिलं नसतं. दुसरं तिने हट्टाने स्वतःच्या खिडकीत ठेवलं आणि रोज नको तितकं पाणी घालून मारलं. त्यानंतर दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याला म्हणाली, "उरलेलं तुझ्याकडेच असू दे. तुझं लक्ष नसतं, त्याला ते मानवतं." ते त्याच्या खोलीच्या खिडकीत, जबड्यांच्या फळीखाली वाढलं. कवळ्या घ्यायला येणाऱ्यांना डॉक्टर ते मुद्दाम दाखवत. शिट्टीवाले गृहस्थही आले. भाषण छान झालं म्हणाले, शिट्टी तशीच होती, पण लोकांना ती टाळ्यांच्या जागी वाजवली असं वाटलं.

काठी घेऊन ताई चार पावलं चालायला लागली तेव्हा ते चौघं टॅक्सीने जंगलात गेले. ताई पुढे बसली, मांडीवर रोप, आणि पट्टा तिने दोघांना मिळून लावला. पडलेला घुम्या अजून तिथेच होता, आडवा, त्याच्या मुळांची ढाल माणसाहून उंच, आणि तो होता तिथे वर आभाळाचं एक मोठं भगदाड पडलेलं. या जागेसाठी खात्याची रोपं ट्रकमध्ये तयार होती. जज्जसाहेबांनी साहेबासमोर बसून, एका अक्षरानेही आवाज न चढवता, ती दुसरीकडे पाठवली होती. काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आता ते दमून ओंडक्यावर बसले होते. खड्डा त्याने खणला. ताई काठीने दाखवत होती, इथे नाही, इकडे, अरे इकडे म्हणजे तिकडे, आणि बायको म्हणाली, "ताई, एकदा ठरवा, नाहीतर त्यांचाही खुबा जाईल." शेवटी रोप मातीत बसलं. पाच पानं, त्यातलं एक फाटलेलं.

"याला फळं यायला किती वर्षं लागतात?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"चाळीस," ताई म्हणाली. "जमीन चांगली असेल तर."

सगळे आपापली बेरीज करत असावेत. त्याने स्वतःची केली आणि मध्येच सोडून दिली. कुठेतरी एक पक्षी एकच स्वर पुन्हा पुन्हा लावत होता. बायको म्हणाली, "चाळीस राहू द्या. येत्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, ते बोला." मग त्यावर वाद सुरू झाला, आणि वाद सुरू झाल्यावर सगळ्यांना बरं वाटलं. जज्जसाहेबांनी मंगळवार मागितला. ताई म्हणाली, मंगळवार तिचा आहे. बायकोने दोघांनाही मंगळवार दिला, म्हणजे भांडायला सोबत होईल. ऊन मी म्हणत होतं. जागा उघडी पडलेली, आडोसा कुठेच नाही. ताईने आभाळाकडे बघितलं, रोपाकडे बघितलं, काठीने जमिनीवर एक मोठा अर्धगोल ओढला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "याची दुपारची सावली इथे पडणार. सगळे इकडे या." बायको पदराने वारा घेत त्या अर्धगोलात जाऊन बसली. जज्जसाहेब ओंडक्यावरून उठले, क्षणभर विचार केला आणि तिच्या शेजारी रुमाल अंथरून बसले. ताईला त्याने हात धरून खाली बसवलं आणि मग जागा मिळेल तिथे तोही टेकला. ताईने डोक्यावरचा घाम पुसला, समाधानाने पाय लांब केले आणि त्याच्याकडे वळली.

"छोट्या, तू अजून उन्हात आहेस. आत सरक."

तो आत सरकला.